रोमदेंग, नॉम पेन्ह: शिकाऊ हातांचे उत्तम जेवण

कंबोडियाच्या राजधानीला, नॉम पेन्हला, जाणाऱ्या मराठी प्रवाशाने एक संध्याकाळ राखून ठेवावी असे ठिकाण म्हणून मी रोमदेंग या रेस्तराँचे नाव निःशंकपणे घेईन, आणि त्याचे पहिले कारण तिथले जेवण हेच आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, कारण या रेस्तराँविषयी बोलताना ‘रस्त्यावर वाढलेली मुले इथे काम शिकतात’ हे वाक्य आधी येते आणि ताटातले पदार्थ मागे पडतात. मग ऐकणाऱ्याचा असा समज होतो की इथे जाणे म्हणजे एक प्रकारचे दान आहे आणि दानाच्या ठिकाणी चवीची चिकित्सा करायची नसते. रोमदेंगला अशा सवलतीची गरज नाही. खमेर, म्हणजे कंबोडियाचा, स्वयंपाक नीट, शांतपणे बसून खाण्याच्या ज्या जागा या शहरात आहेत, त्यांत त्याची गणना सहज व्हावी.

रेस्तराँ १७४ क्रमांकाच्या रस्त्यावर, वसाहतकाळातील एका जुन्या बंगल्यात आहे. भोवती झाडी, मागे छोटा पोहण्याचा तलाव आणि अंगणात मांडलेली टेबले, असा सगळा थाट आहे. ते २००५ मध्ये सुरू झाले. ते चालवणारी मिथ सामलान्ह ही संस्था त्याच्या बरीच आधीची, म्हणजे १९९४ची. सेबास्तियाँ मारो या फ्रेंच गृहस्थाने काही सहकाऱ्यांसह नॉम पेन्हच्या रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांसाठी ती उभी केली आणि पुढे तिच्यातूनच फ्रेंड्स-इंटरनॅशनल ही मोठी संस्था आकाराला आली. याच कुटुंबातले ‘फ्रेंड्स’ हे रेस्तराँ रोमदेंगच्या आधी नॉम पेन्हमध्येच निघाले होते, तर ‘मारुम’ नंतर अंगकोरच्या मंदिरांजवळच्या सिएम रीप शहरात निघाले. या सर्व ठिकाणी स्वयंपाकघरात आणि टेबलांभोवती वावरणारी मुले-मुली प्रशिक्षणार्थी असतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक उभे असतात.

आता ताटाकडे वळू. रोमदेंगची ख्याती झाली ती कुरकुरीत तळलेल्या टॅरंट्युला कोळ्यांमुळे. लिंबाचा रस आणि कांपोटची काळी मिरी यांच्या चटणीबरोबर ते येतात. बहुतेक परदेशी पाहुणे पैज लावल्यासारखे ते मागवतात, फोटो काढतात आणि निम्मे ताटात ठेवून उठतात. ज्यांना खरोखर खायचे आहे त्यांनी पायांपासून सुरुवात करावी. पाय चांगले कुरकुरीत असतात, पोटाचा भाग मऊ आणि काहीसा उग्र लागतो, आणि त्या उग्रपणाला मिरीची चटणीच आवर घालते. हे कोळी कंबोडियात स्कून या गावाच्या बाजारात टोपल्या भरभरून विकले जातात. १९७५ ते १९७९ या, खमेर रूज या जहाल कम्युनिस्ट गटाच्या राजवटीतील, उपासमारीच्या वर्षांत लोकांनी जे हाताला लागेल ते खाल्ले आणि तेव्हापासून हा पदार्थ अधिक पसरला, असे तिथले लोक सांगतात. ज्या पदार्थामागे अशी वर्षे उभी आहेत तो पैजेखातर मागवून टाकून देणे मला तरी बरे वाटले नाही.

कोळ्यांच्या गाजावाजात दुसरा एक उत्तम पदार्थ दुर्लक्षित राहतो. लाल झाडमुंग्या आणि तुळशीची पाने घालून परतलेले गोमांस हा तो पदार्थ. मुंग्यांचा आंबटपणा लिंबापेक्षा वेगळा, जिभेच्या कडेला चटकन जाणवणारा असतो आणि तो मांसाच्या चरबटपणाला छान छेद देतो. गोमांस न खाणाऱ्यांनी अमोककडे वळावे. गवती चहा, गलांगल (आल्यासारखा एक कंद), हळद, लसूण आणि माकरूट लिंबाची साल यांचे वाटण नारळाच्या दुधात कालवून त्यात मासा वाफवतात, आणि केळीच्या पानाच्या द्रोणात तो समोर येतो. पर्यटकांच्या वाटेवरच्या अनेक खाणावळींत अमोक म्हणून मिळतो तो पातळ रस्सा असतो. अमोक खरा असेल तर तो चमच्याने कापता यावा इतपत घट्ट बसलेला असतो, आणि रोमदेंगमध्ये तो तसाच मिळाला. गोमांस चालत असेल तर सारामन नावाची, परंपरेने गोमांसाची आणि शेंगदाणे घातलेली दाट आमटीही मागवून पाहावी. ती चाम या कंबोडियातील अल्पसंख्य मुस्लिम समाजाच्या स्वयंपाकातून आलेली आहे. खमेर रूजच्या राजवटीत चाम समाजाला विशेष निर्दयपणे लक्ष्य करण्यात आले होते, आणि त्या समाजाची ही पाककृती आज राजधानीतील मुले शिकून पाहुण्यांना वाढतात, ही गोष्ट मेनूकार्डावर कोणी लिहीत नसले तरी जाणत्याच्या लक्षात येते.

वाढण्याची पद्धत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. शिकाऊ मुलांच्या सदऱ्यावर पाठीमागे ‘स्टुडंट’ आणि शिक्षकांच्या सदऱ्यावर ‘टीचर’ असे छापलेले असते. आमच्या टेबलाशी आलेल्या मुलीने मागवलेला प्रत्येक पदार्थ वहीत लिहिला, मग आम्हाला तो क्रमाने वाचून दाखवला आणि तिखटाचे प्रमाण विचारायचे राहिले हे तिचे तिलाच आठवल्यावर परत फिरून विचारले. तिचे शिक्षक दोन पावले मागे, हात पाठीशी बांधून उभे होते. ते मध्ये एक शब्दही बोलले नाहीत. पाण्याचा पेला कोणत्या बाजूने ठेवायचा यात तिची गल्लत झाली, तेव्हाही ते गप्प राहिले, आणि ती काउंटरपाशी गेल्यावर त्यांनी रिकाम्या ट्रेवर दोन पेले मांडून तिला हलक्या आवाजात काही दाखवले. पुढच्या वेळी पेला योग्य बाजूने आला. पाहुण्यासमोर शिकाऊ माणसाचा पाणउतारा न करता त्याला सुधारणे ही गोष्ट मोठमोठ्या हॉटेलांतील अनुभवी व्यवस्थापकांनाही जमत नाही. ज्याला घाई आहे त्याने मात्र इथे येऊ नये. शिकणाऱ्याला वेळ लागतो आणि तो देण्याची तयारी असेल तरच ही जागा आपली.

रोमदेंगची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली ती तिथे जे नाही त्यात आहे. आम्हाला वाढणाऱ्या मुलीचे नाव, गाव, तिचे आई-वडील काय करत होते, ती कोणत्या पुलाखाली झोपत होती, तिच्यावर काय प्रसंग गुदरले, यांपैकी काहीही कोणी आपणहून सांगितले नाही. भिंतींवर रडक्या चेहऱ्यांची छायाचित्रे नव्हती, ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोड्या नव्हत्या, जेवणानंतर मुलांचा नाच नव्हता, आणि दानपेटी घेऊन टेबलाटेबलांवर फिरणारे कोणी नव्हते. आपण पैसे देतो ते जेवणाचे. ते वाढणारी व्यक्ती आपल्यापुढे एक शिकाऊ व्यावसायिक म्हणून उभी असते, आणि तिचे दुःख हा बिलातला एक जिन्नस नसतो. पाहुण्यांना मात्र हे उमगतेच असे नाही. शेजारच्या टेबलावरील एक गृहस्थ ‘स्टुडंट’ लिहिलेल्या पाठीचे फोटो काढण्यात इतके गुंतले होते की त्यांचा अमोक निवून गेला.

आणखी एक बाब स्पष्ट असावी. इथे काम करणारी मुले लहान नाहीत. कंबोडियाच्या १९९७च्या कामगार कायद्यानुसार कामाचे किमान वय १५ वर्षे आहे, आणि रेस्तराँमधील प्रशिक्षण हे त्या वयापुढील तरुणांसाठी आहे. त्याहून लहान मुलांसाठी संस्थेचा प्रयत्न वेगळ्या दिशेने असतो. मागे पडलेला अभ्यास भरून काढून त्यांना सरकारी शाळेत परत बसवायचे आणि शक्य तिथे त्यांच्या घरच्यांकडे पोचवायचे, ही ती दिशा. स्वयंपाकाखेरीज मोटार दुरुस्ती, शिवणकाम, केशकर्तन, वीजकाम असे व्यवसायही शिकवले जातात. रेस्तराँ हे या सगळ्याचे पाहुण्यांना दिसणारे दार आहे, एवढेच.

इतकी मुले रस्त्यावर येतात तरी कुठून, हा प्रश्न जेवताना मनात येतोच, आणि त्याचे उत्तर ‘युद्ध’ या एका शब्दात उरकता येत नाही. रोमदेंगमध्ये आज वाढणाऱ्या मुलांचा जन्म युद्ध पूर्ण थांबल्यानंतर झालेला आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी खमेर रूजने नॉम पेन्ह घेतले, काही दिवसांत शहर रिकामे करून लोकांना शेतांवर हाकलले, चलन रद्द केले, शाळा बंद पाडल्या आणि जमिनीची खासगी मालकी संपुष्टात आणली. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य शहरात शिरेपर्यंत सुमारे १५ ते २० लाख माणसे मारली गेली किंवा उपासमारीने आणि रोगांनी मेली. शिकलेल्या लोकांना वेचून मारण्यात आले. छळछावणी म्हणून जगाला ठाऊक झालेले तुओल स्लेंग ही मुळात एक माध्यमिक शाळा होती, आणि रोमदेंगपासून ती फार लांब नाही.

त्यानंतरही लढाई दोन दशके रेंगाळली. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिस येथे शांतता करार झाला, १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली, आणि खमेर रूजच्या शेवटच्या तुकड्या १९९८-९९ मध्ये शरण आल्या. दरम्यान थायलंडच्या सीमेवरील छावण्यांमधून साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित परतले. त्यांच्या वाट्याला यायच्या शेतजमिनीवर एक तर दुसरे कोणी बसलेले होते किंवा सुरुंग पेरलेले होते, म्हणून बहुतेकांनी जमिनीऐवजी थोडी रोख रक्कम घेतली. सुरुंगांनी आणि न फुटलेल्या बॉम्बगोळ्यांनी १९७९ पासून सुमारे २० हजार माणसांचा जीव घेतला आहे आणि जखमींची संख्या त्याच्या दुपटीहून जास्त आहे. पाय गमावलेला शेतकरी, कागदपत्रे नसलेली जमीन आणि शाळेचे तोंड न पाहिलेली आई, अशा घरात जन्मलेल्या मुलाच्या दृष्टीने युद्ध संपल्याची तारीख ही एक औपचारिक नोंद असते.

आज या साखळीत नव्या कड्या जुळल्या आहेत. गावातले आई-वडील नॉम पेन्हच्या कपड्यांच्या कारखान्यांत कामाला जातात (२०२५ पर्यंत थायलंडलाही मोठ्या संख्येने जात) आणि मुले आजीकडे राहतात. ही आजी नेमकी त्या पिढीची, जिचे शाळेचे वय खमेर रूजच्या काळात भाताच्या खाचरांत गेले. नातवाचा अभ्यास घेणे तिच्या आवाक्यात नसते. सरकारी शाळा फुकट असली तरी ती बहुधा अर्ध्याच दिवसाची असते, आणि अपुऱ्या पगारामुळे अनेक शिक्षक उरलेल्या वेळेत ‘जादा तास’ घेऊन मुलांकडून रोज थोडे थोडे रिएल, म्हणजे तिथल्या चलनातले पैसे, घेत आले आहेत. ज्याच्याकडे ते नसतात तो आधी जादा तासाला आणि मग शाळेलाच जायचा थांबतो. गरीब कुटुंबांना ओळखपत्र देण्याची सरकारी योजना आहे. त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार मिळतात आणि २०२० पासून रोख मदतही सुरू झाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याच घरावर सूक्ष्मकर्जाचा बोजा असतो, ज्यासाठी जमिनीचा कागद गहाण पडलेला असतो, आणि हप्ता चुकू लागला की घरातले मोठे मूल कामाला लागते. रात्री नॉम पेन्हच्या फूटपाथवर हातगाडी ओढत डबे आणि पुठ्ठे वेचणारी मुले दिसतात, त्यांच्यातली बरीच आपल्या आई-वडिलांबरोबर असतात. ती अनाथ नसतात.

हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण नॉम पेन्हमध्ये आणि सिएम रीपमध्ये पर्यटकाला याच मुलांच्या नावाने दुसरी एक सेवाही विकली जाते, आणि रोमदेंगची खरी किंमत तिच्याशेजारी ठेवल्यावर कळते. मी उतरलो होतो तिथल्या काउंटरवर अंगकोरच्या सहलींच्या पत्रकांबरोबर ‘अनाथाश्रमाला भेट’ असे एक रंगीत पत्रक होते. त्यात दुपारचे दोन तास, मुलांबरोबर खेळ, मुलांचे अप्सरा नृत्य आणि शेवटी तांदळाचे पोते स्वतःच्या हाताने देण्याची सोय, असा सगळा कार्यक्रम छापलेला होता. टुकटुकवाल्यानेही तेच सुचवले. मी गेलो नाही, आणि कोणी जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७९ मध्ये कंबोडियात खरोखरच असंख्य मुले अनाथ झाली होती. ती आज पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. असे असताना २००५ ते २०१० या पाच वर्षांत देशातील अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. या काळात देशात कोणतेही नवे युद्ध झाले नव्हते. वाढले होते ते परदेशी पाहुणे. २००५ मध्ये ते सुमारे १४ लाख होते, २०१० मध्ये सुमारे २५ लाख झाले. सरकार आणि युनिसेफ यांनी नंतर केलेल्या देशव्यापी मोजणीत निवासी संगोपनाच्या ६३९ जागा आणि त्यांत राहणारी ३५ हजारांहून अधिक मुले व तरुण आढळले. अशा संस्थांमधील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक पालक, हयात असतात. त्यांना तिथे आणणारी गोष्ट मृत्यू नसून दारिद्र्य असते. गावात कोणीतरी येतो, शहरात शिक्षण मिळेल, तीन वेळा जेवण मिळेल, इंग्रजी शिकवतील असे सांगतो, आणि कर्जात बुडालेली आई मुलाला पाठवते. तिची चूक काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र तिथे पोचलेले मूल उद्योगाचा कच्चा माल बनते, कारण मुले जितकी केविलवाणी दिसतील तितकी देणगी जास्त मिळते, आणि आश्रम चांगला चालवून मुलांना घरी परत पाठवण्यात चालकाचा काहीच फायदा नसतो. दर आठवड्याला नवा परदेशी पाहुणा येऊन गळ्यात पडतो, लळा लावतो आणि निघून जातो, याचा त्या मुलांच्या मनावर काय परिणाम होत असेल हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या मुलांच्या शाळेत कोणी अनोळखी माणूस तिकीट काढून शिरला आणि मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढू लागला, तर आपण पोलिसांना बोलावू.

कंबोडिया सरकारने २०१५ मध्ये या संस्थांवर नियमावली आणली आणि पाच प्रांतांतील निवासी संस्थांमधली ३० टक्के मुले कुटुंबात परत पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. फ्रेंड्स-इंटरनॅशनलने त्याच्याही आधी, २०११ मध्ये, ‘मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत’ अशी मोहीम काढली होती, आणि तिच्याच चाइल्डसेफ या उपक्रमात टुकटुकचालक, हॉटेलांचे कर्मचारी आणि प्रवासी यांना संकटातील मूल दिसल्यास काय करावे हे शिकवले जाते. रोमदेंगमध्ये मुलांच्या कहाण्या का सांगत नाहीत याचे कारण इथे सापडते. पर्यटकांना नको ते करू नका असे सांगणारी संस्था स्वतःच्या रेस्तराँमध्येही तो नियम पाळते, आणि अशी सुसंगती समाजसेवेच्या क्षेत्रात वाटते तितकी सर्रास आढळत नाही.

या संस्थेच्या दुकानाचीही दखल घ्यायला हवी. जुन्या टायरचे पट्टे, वर्तमानपत्राच्या कागदाचे मणी, खाद्यपदार्थांची रिकामी पाकिटे यांपासून केलेल्या पिशव्या, पाकिटे आणि दागिने तिथे मिळतात. त्या वस्तू मुले बनवत नाहीत, मुलांचे पालक घरी बसून बनवतात, आणि त्यामागची अट अशी की मिळकतीच्या बदल्यात मूल रस्त्यावर कमवायला न जाता शाळेत जाईल. मला हा विचार रेस्तराँइतकाच पटला, कारण तो गरिबीच्या मुळाशी हात घालतो आणि मुलाला घरापासून तोडत नाही. वस्तूंचे मात्र सरसकट कौतुक करणार नाही. टायरच्या पिशव्या टिकाऊ आणि देखण्या आहेत. कागदी मण्यांच्या माळा सदिच्छेने घेतल्या जातात आणि पुढे खणात पडून राहतात.

आता पैशांविषयी. मुख्य पदार्थ साधारण ६ ते १० डॉलरला पडतो. कंबोडियात डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, डॉलरला सुमारे चार हजार रिएल असा हिशेब असतो आणि डॉलरच्या आतील सुटे पैसे रिएलमध्ये परत मिळतात. फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, तेव्हा कोऱ्या नोटा जवळ ठेवाव्यात. परदेशी प्रवाशाला हे दर रास्त वाटतात. कपड्यांच्या कारखान्यातील कामगाराचे किमान वेतन २०२५ साली महिन्याला २०८ डॉलर होते, म्हणजे रोमदेंगमधला एक मुख्य पदार्थ तिथे शिकणाऱ्या मुलीच्या आईची दिवसभराची मजुरी घेईल. रेस्तराँने दर कमी करावेत असे मी म्हणत नाही. प्रशिक्षणाचा भार पाहुण्यांच्या बिलांतूनच उचलायचा आहे. तरीही खमेर मुलांनी शिजवलेले खमेर जेवण खाणारे बहुतेक सगळे परदेशी असावेत, हे मला खटकत राहिले.

यातूनच या पद्धतीची दुसरी मर्यादा पुढे येते. पाहुण्यांवर उभी असलेली शाळा पाहुणे थांबले की डगमगते. २०१९ मध्ये कंबोडियात सुमारे ६६ लाख परदेशी पर्यटक आले होते. कोविडमुळे २०२० मध्ये ही संख्या १३ लाखांवर आली आणि २०२१ मध्ये दोन लाखांचाही टप्पा गाठता आला नाही. नेमक्या त्याच काळात कारखाने बंद पडले आणि थायलंडहून मजूर परतले, म्हणजे गरज वाढत असताना उत्पन्नाचा झरा आटला. शिवाय रेस्तराँमध्ये पोचते ते मूल शहराच्या रस्त्यावर कोणाच्या तरी नजरेस पडलेले असते. नॉम पेन्हच्या बाहेर वीटभट्ट्यांवर आई-वडिलांच्या कर्जापायी अडकलेली कुटुंबे आहेत. तिथली मुले पर्यटकाला दिसत नाहीत आणि त्यांच्यासाठी कोळी तळून उपयोग नाही. तिथे कामगार निरीक्षक, कर्जाचे नियम आणि सरकारी शाळा यांनीच पोचायला हवे. हा रोमदेंगचा दोष नव्हे, पण इथे जेवून आपण कंबोडियाच्या गरीब मुलांचे ऋण फेडले असे कोणी समजू नये, म्हणून लिहिले.

पर्यटकांच्या पैशाचा आणखी एक चोख उपयोग या देशात पाहायला मिळतो, तो जाता जाता सांगतो. अंगकोरच्या ३७ डॉलरच्या एक दिवसाच्या तिकिटातील २ डॉलर कांथा बोफा या बालरुग्णालयांना जातात. बीट रिखनर या स्विस डॉक्टरांनी १९९२ पासून ती उभी केली आणि तिथे मुलांवर मोफत उपचार होतात. तिकीट काढणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो, आणि नसला तरी काही बिघडत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी इशारा असा की खमेर स्वयंपाकात माशाचे पाणी (फिश सॉस) आणि प्राहोक नावाची मुरवलेली मासळी अनेक ठिकाणी नकळत असते, म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासळीचे पाणीही नको, हे वेगळे सांगावे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना अंगण सोयीचे पडेल, फक्त तलावाकडे लक्ष ठेवावे. संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा जागा आधी राखून ठेवणे चांगले. नदीकाठाने परतताना फुलांचे गजरे, पोस्टकार्डे किंवा दोऱ्याची कंकणे विकणारी लहान मुले मागे लागतील. त्यांच्याकडून काही घेऊ नये आणि त्यांना सुटे पैसेही देऊ नयेत, कारण रात्री दहा वाजता मूल जितके जास्त कमावते तितके सकाळी सात वाजता ते शाळेत असण्याची शक्यता कमी होते. मन राहवत नसेल तर तेच पैसे दुसऱ्या दिवशी दुपारी रोमदेंगमध्ये घेऊन जावे आणि या वेळी सारामन मागवावी. तिच्याबरोबर भात वेगळा सांगावा लागतो.